निर्यातीचं कुलूप

"दारात झाड कोणतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

समोरची बाई चपापली. नवरा कशानं गेला, कधी गेला, असलं काहीतरी विचारतील म्हणून ती मनाची तयारी करून आली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "दारात काय न्हाई. बोअर हाय."

"माहेरी?"

"माहेरी बकुळ हाय. लई जुनी."

"आवटीबाई, बकुळ कुणाला दिलीय का हो आपण?"

मी वही उघडून बघितली. चिंच होती, उंबर होता, शेवगा, बहावा, आणि दोन आंबे होते, एक हापूस, एक रायवळ, अशी पानंच्या पानं. बकुळ नव्हती.

"मग तुम्ही बकुळ," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "इथं आल्यावर एवढंच सांगायचं. आता जवळ या आणि खरं नाव माझ्या कानात सांगा. या बाईंनासुद्धा ऐकू जाता कामा नये."

या बाई म्हणजे मी. मी खिडकीबाहेर बघत बसले. तेवढ्यापुरतं बहिरं व्हायचं, हा माझ्या नोकरीचाच भाग होता.

ही मिरजेतली गोष्ट, एकोणीसशे नव्व्याण्णव सालची. डॉ. सरोजिनी उजागरे त्याच्या काही वर्षं आधी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या आणि बंगल्यामागच्या मोटारीच्या खोलीत त्यांनी सल्ला केंद्र उघडलं. मोटार बाहेर उन्हात, आजारी आत. पाटीवर आजाराचं नाव नव्हतं. तेव्हा त्या आजाराचं नाव कुणी घेतच नसे, 'ते' म्हणत. त्याला 'ते' झालंय म्हटलं की त्याची ताटली वेगळी, घोंगडी वेगळी, आणि मेला तर खांद्याला चार माणसं मिळायची मारामार. औषधं निघाली होती म्हणे, पण ती परदेशात. आमच्याकडं ताकदीच्या गोळ्या, टीबीचं औषध आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज. लोक येत ते त्या आवाजासाठी, आणि इथं नाव फुटत नाही म्हणून.

वहीत फक्त झाडं. कुठलं झाड कोण, हे एकाच ठिकाणी नोंदलेलं, डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात.

त्या मे महिन्यात त्या डोक्याला झटका आला. हलकाच. डावा हात पंधरा दिवस लुळा पडला, जीभ जड झाली, मग हळूहळू सगळं जागेवर आलं. पण मधल्या दिवसांत उंबराच्या थुंकीचा रिपोर्ट आला. ताबडतोब बोलावून औषध सुरू करायला हवं होतं. आणि उंबर कोण, ते त्यांना आठवेना. खाटेवर पडल्या पडल्या त्या छताकडं बघत बोटं मोजायच्या, नावं पुटपुटायच्या. एका सकाळी आठवलं. मी स्वतः एसटीनं गेले. उंबराला जाऊन तीन दिवस झाले होते.

परत येऊन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आवटीबाई, हे मडकं आता झिरपायला लागलंय. सगळं लिहून ठेवायला पाहिजे."

"कपाटात ठेवू."

"कपाटाची दुसरी किल्ली पुतण्याकडं आहे. आणि त्याच्या बायकोला कपाटं आवरायची फार हौस. तुमच्या त्या मशीनमध्ये ठेवा. पण कुलूप लावून. आधी कुलूप, मग नावं."

कॉम्प्युटर मी कुणाकडून शिकले नाही. दहावीनंतर टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कामाला लागले, तिथं एक मशीन आलं आणि त्याच्याबरोबर विटांएवढी जाड पुस्तकं आली. मशीनला सगळे हात लावायचे, पुस्तकांना कुणी नाही. मी ती शब्दकोश शेजारी घेऊन वाचून काढली. वाचायची खोड वडिलांची. वडील मिरज कोर्टाच्या बाहेर छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत. अंगठा घेण्याआधी अख्खा अर्ज मोठ्यानं वाचून दाखवत. पक्षकार कंटाळायचे, "आवटी, उठवतो की अंगठा, आटपा," म्हणायचे. वडील ऐकायचे नाहीत. मला म्हणायचे, "शकू, वाचल्याशिवाय सही नाही, आणि खोट्याखाली सही नाही. एवढं पाळलंस तर तुला कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही."

कुलपासाठी मी सांगलीला नव्यानं निघालेल्या सायबर कॅफेत गेले. फाइलीला कुलूप लावायचा एक प्रोग्रॅम अमेरिकेतली एक कंपनी देते, असं एका मासिकात वाचलं होतं. पान उघडायला चहा पिऊन होईल एवढा वेळ लागला. उघडलं तर तिथं एकाच कुलपाचे दोन प्रकार. एक त्यांच्या देशातल्या लोकांसाठी, एकशे अठ्ठावीस बिटांचं. दुसरं बाहेरच्यांसाठी, निर्यातीचं, चाळीस बिटांचं. आणि खाली प्रश्न: तुम्ही अमेरिकेत किंवा कॅनडात राहता का?

मी 'नाही'वर खूण केली. सांगलीच्या स्टँडसमोर बसून दुसरं काय करणार? निर्यातीचं कुलूप एका फ्लॉपीवर उतरून आलं.

पण ते मनाला पटेना. पिठाच्या गिरणीशेजारच्या बूथवरून मी सुकुमारला फोन लावला. सुकुमार माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी दहाची. तेव्हापासून त्याला न्हाऊ-माखू घातलं ते मीच. आता तो बायकोला, वैशालीला घेऊन न्यू जर्सीत होता, कॉम्प्युटरच्या दोन हजार सालाच्या दुरुस्तीच्या कामावर.

"आक्का, तुला कशाला पाहिजे कुलूप? काय लपवतेयस?"

"माझं नाही. दुसऱ्यांचं."

"मग ते बाहेरचं घे की."

"त्याच्यात आणि ह्याच्यात फरक काय ते सांग."

"ते ट्रंकेचं, हे बँकेचं. बिटं जितकी जास्त, तितकं पक्कं. हे देशाबाहेर न्यायला बंदी आहे. कायदाच आहे इथं."

"कुलपाला कसली रे बंदी?"

"अगं, बाहेरच्या लोकांनी पक्कं कुलूप लावलं तर यांना उघडून बघता येणार नाही ना. म्हणून बाहेर द्यायचं ते फोडता येईल असंच द्यायचं. परवा-परवापर्यंत याची गणती तोफा-बंदुकांत होती."

"म्हणजे चोराला विचारून कुलूप करायचं."

तो हसला. खूप दिवसांनी हसला असावा, कारण हसताना मध्येच खोकला. "पाठवतो तुला. फक्त माझं नाव कुठं घेऊ नकोस. ग्रीन कार्डाचं चाललंय माझं, आणि वैशालीला सातवा लागलाय."

तीन आठवड्यांनी राखीपौर्णिमेचं उलटं पाकीट आलं, म्हणजे भावानं बहिणीला पाठवलेलं. आत एक कार्ड, दोन फोटो आणि एक सीडी. सीडीवर त्याच्या अक्षरात लिहिलेलं, 'भावगीतं'.

त्या दुपारी मी मशीनपुढं बसले. डॉक्टरीणबाई पलीकडच्या खोलीत पडल्या होत्या, दार उघडं होतं. भावाकडून कुलूप आलंय, एवढं त्यांना सांगितलं होतं. सीडी घातली. आधी करारनामा आला. असले करारनामे जगात कुणी वाचत नाही म्हणतात. मी वाचला. शब्दकोश मांडीवर घेऊन अडीच तास वाचला. त्यात लिहिलं होतं की ही वस्तू अमेरिका आणि कॅनडाच्या बाहेर नेणं, पाठवणं, दुसऱ्याच्या हाती देणं गुन्हा आहे. दंड किती ते होतं. कैद किती वर्षांची ते होतं. आणि शेवटी एक चौकट: मी या दोन देशांपैकी एकात आहे असं जाहीर करतो. हो. नाही.

वडिलांना जाऊन आठ वर्षं झाली होती, पण छत्री घेऊन ते माझ्या मागं येऊन उभे राहिले म्हणा ना. खोट्याखाली सही नाही. मी 'नाही'वर बोट दाबलं. चौकट सभ्यपणे मिटली. सीडी बाहेर काढून मी तिच्या पाकिटात घातली, पाकीट डब्याच्या पिशवीत, आणि फ्लॉपीवरचं निर्यातीचं कुलूप बसवलं.

मासिकात त्याची माहिती होती. चाळीस बिटांच्या कुलपाला एक लाख कोटी किल्ल्या होऊ शकतात आणि त्यातली एकच लागते. एक लाख कोटी. मी कागदावर शून्यं मांडून बघितली. एकेक लावून बघायची म्हटली तर माणसाला सात जन्म पुरायचे नाहीत. मिरजेत कुणाला एवढा वेळ आहे, म्हटलं मनाशी.

"लागलं का?" आतून आवाज आला.

"लागलं."

"भावानं पाठवलेलं?"

"हो."

"पक्कं?"

"पक्कं."

दुसऱ्या दिवसापासून दार लावून आम्ही बसलो. त्या सांगत होत्या, मी टाइप करत होते. झाड, नाव, गाव, आजार कधी कळला, घरात कोण कोण. पाच दुपारी लागल्या. दोनशे चौदा माणसं. एखाद्या नावाशी त्या थांबायच्या, "हा फार छान गातो," म्हणायच्या, आणि मी विचारायचे, "हे घालू का?" त्या म्हणायच्या, "घाला. कोण बघतंय."

तिसऱ्या दुपारी बकुळ तपासणीला आली. चार महिन्यांत ती आमच्यात रुळली होती. तिचा नवरा ट्रकवर होता, 'ते' घरी आणून, तिला देऊन तो गेला. ती गावात अंगणवाडी चालवायची. अठ्ठावीस पोरं, आणि सातवी पास झालेली ही एकटी बाई त्यांना गाणी शिकवायची, सुकडी शिजवून घालायची. स्वतःची मुलगी पाच वर्षांची, निरोगी. तपासणी आम्हीच केली होती.

मशीनकडं बघून ती म्हणाली, "आमची नावं ह्यात घालायला लागलाय म्हणं."

"डॉक्टरीणबाईंना परत बरं नाही वाटलं तर?"

"ते खरं हाय." ती जराशी पुढं झाली. "पर बाई, कुणी उघाडलं तर? माझं काय न्हाई वो. गावाला कळलं तर पोरं यायची न्हाईत. अंगणवाडी गेली म्हंजी माझं आन् पोरीचं संपलं. सासरी उभं करत न्हाईत, म्हायेरी भावजय हाय."

"कुलूप लावलंय त्याला."

"कसलं कुलूप? दिसत तर न्हाई."

"न दिसणारंच पक्कं असतं. ब्रह्मदेव आला तरी उघडायचं नाही."

ती हसली. पुढचे दोन दात मध्ये फट असलेले. "तुमच्यावर इस्वास हाय," म्हणाली.

दिवाळीच्या आधी शहापुरे आले. आमचं मशीन त्यांनीच विकलेलं. सांगलीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता, अठरा मशीनं ओळीनं मांडलेली, तरुण उत्साही माणूस. दोन हजार साल लागलं की जुनी मशीनं तारखा चुकवणार म्हणून जो तो घाबरला होता. "मॅडम, दिवाळीच्या सुट्टीत क्लास बंद असतो. तेवढ्यात तुमचं करून टाकतो. आठ दिवस राहू दे माझ्याकडं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आवटीबाई, ती फाइल काढून घ्यायची का हो?"

मी म्हणाले, "कशाला? कुलूप आहे की."

काढून घेते म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, पक्कं आहे म्हणालात ना? मग? रिक्षात मशीन ठेवताना मी शहापुऱ्यांना वर बजावलंसुद्धा, "एक फाइल कुलपात आहे, तिला हात लावू नका." माणसाला इतकं सांगितलं की त्याला फाइल शोधायचेसुद्धा कष्ट पडत नाहीत.

आठ दिवसांत मशीन परत आलं. तारखा व्यवस्थित. फाइल जागेवर, कुलूप जागेवर.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी दहाची वेळ, मी झाडून काढत होते. बकुळ दारात उभी. तिची तारीख नव्हती. पदराखालून तिनं चार घड्यांचा एक कागद काढला आणि माझ्या टेबलावर उलगडला.

"बाई, ह्ये तुमच्या मशिनीचं हाय का?"

दोन्ही कडांना भोकं असलेला, क्लासमध्ये छपाईला वापरतात तो लांब कागद. तेलानं अर्धा पारदर्शक झालेला. एका कोपऱ्यात शेंगदाण्याचं साल चिकटलेलं. झाड, नाव, गाव, तारीख, आजार. मी टाइप केलेले रकाने. एका पानावर साठ माणसं. वरून चौथ्या ओळीत बकुळ.

"कुठं मिळालं?"

"आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी सांगलीला गेलता. स्टँडवर भडंग खाल्लं. खाऊन झाल्यावर कागद वाचला. वाचायची लई आवड हाय त्याला." ती खुर्चीवर बसली नाही. "वाया घालवला न्हाई त्यानं. झेरॉक्सा काढल्या. ह्यो खराच माझ्या हातात आणून दिला. म्हनला, वैनी, तुमचं नाव हाय बगा."

"आणि पोरं?"

"सोमवारी चार आली. मंगळवारी माझी एकटीच." ती बोटानं टेबलावरचं शेंगदाण्याचं साल सरळ करत होती. "सुकडी रोज करत्ये. सरकारी हाय, न करून भागत न्हाई. अठ्ठावीस जणांची करायची आन् भरल्या पातेल्याफुडं बसायचं. काल पातेलंबी वढ्यात टाकलं कुणीतरी."

ती माझ्याकडं बघत होती आणि मला वाटलं, आता विचारेल.

"कुणी फोडलं वो कुलूप?"

"क्लासवाल्यानंच, दुसरं कोण."

"शिकलेला आसंल."

"हो."

"मग तुमी काय करणार." तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. मला तो हात आजही कळतो, कुठं ठेवला होता ते. "तुमी तर पक्कंच लावलं आसंल. तुमी रडू नगा."

मी रडत होते, ते मला तेव्हा समजलं.

शहापुऱ्यांकडं मी त्याच दुपारी गेले. बिचारे गडबडून गेले. "मॅडम, देवाशपथ, आत काय होतं ते मी वाचलंसुद्धा नाही. चाळीस बिटांचं फुटतं असं एका मासिकात होतं, प्रोग्रॅमही दिला होता त्यात. म्हटलं, सुट्टी आहे, अठरा मशीनं रिकामी आहेत, बघू तरी. प्रत्येकाला किल्ल्यांचा वाटा देऊन टाकला. सेकंदाला लाखभर किल्ल्या लावतं एकेक. सातव्या दिवशी उघडलं. खरंच उघडलं की नाही हे बघायला छापून काढलं, आणि कागद रद्दीत टाकला." अगदी प्रामाणिक कुतूहलानं त्यांनी विचारलं, "पण मॅडम, तुम्ही एवढ्या वाचणाऱ्या. निर्यातीचं कशाला बसवलंत? पक्कं मिळतं की. माझ्याकडंच आहे, कुणीतरी आणलेलं. आख्ख्या सांगलीत सगळे 'हो'वर दाबतात."

बाकीच्या एकशे चौपन्न नावांचे कागद रद्दीच्या गठ्ठ्यात सापडले. ते मी बंगल्याच्या चुलीत जाळले. त्या एका पानावरची साठ नावं मात्र फुटली. हापूसनं दुकान बंद करून गाव सोडलं. शेवग्याच्या घरचं लग्न मोडलं. पांगारा कृष्णेत सापडला. डॉक्टरीणबाई काठी टेकत गावोगाव गेल्या, चावडीवर उभ्या राहून तो आजार कसा होतो, कसा होत नाही ते सांगितलं. बकुळच्या गावात त्यांना कुणी पाणी विचारलं नाही. परत येताना एसटीत त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाचंसुद्धा फुटलं म्हणजे कमालच आहे हो. माणसानं कशावर भरवसा ठेवायचा मग?" मी तिकिटाची घडी घालत राहिले. घडीची घडी, घडीची घडी.

बकुळ आणखी एकदा आली, मुलीला घेऊन, बोचकं बांधून. माहेरी निघाली होती, भावजय काय करील ते करील. जाताना म्हणाली, "डॉक्टरीणबाईंस्नी सांगा, माझं झाड दुसऱ्या कुणाला देऊ नगा."

नाताळनंतर त्या मला म्हणाल्या, "मशीनमधून पुसून टाका. आता तुम्ही पाठ करा." आणि मी पाठ केलं. रोज दुपारी त्या बायबल वाचून झालं की माझा पाठ घ्यायच्या. त्या म्हणायच्या, "जांभूळ," मी नाव सांगायची, गाव सांगायची. चुकले तर परत पहिल्यापासून. दोनशे चौदातले मेलेले त्यांनी वगळू दिले नाहीत.

दोन हजार सालच्या जानेवारीत त्या देशानं कायदा सैल केला. उन्हाळ्यात एका मासिकाबरोबर सीडी फुकट आली, तिच्यावर तेच कुलूप, एकशे अठ्ठावीस बिटांचं. आता प्रश्न नव्हता, चौकट नव्हती, कुठं राहता कुणी विचारत नव्हतं. जे पाठवल्याबद्दल कैद होती, ते त्या महिन्यात आमच्या वाण्याच्या मुलाच्या कॉम्प्युटरवरही होतं.

डॉक्टरीणबाई पुढच्या वर्षी गेल्या. कुलपाचं खरं त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सुकुमार दोन हजार चार साली मुलाला घेऊन आला. ट्रंक आवरताना त्याला 'भावगीतं' सापडली. "आक्का, ही वापरलीस का नाही?" मी म्हणाले, "तुला पकडलं असतं तर?" तो सीडी उन्हात फिरवत हसला. "अगं, पोस्टातून एक सीडी पाठवली म्हणून कोण पकडणार होतं? आम्ही सगळेच पाठवायचो." त्याचा मुलगा अंगणात कोंबडीमागं पळत होता. चार वर्षांचा. सुकुमारला मी पहिल्यांदा सांभाळायला घेतलं तेवढाच.

वर मी लिहिलंय की वडील मागं येऊन उभे राहिले म्हणून 'नाही' दाबलं. ऐकायला बरं वाटतं. पण खोट्याखाली सही न करणारी बाई तासाभरात डॉक्टरीणबाईंना 'भावानं पाठवलेलं' आणि 'पक्कं' म्हणाली, ते कुठल्या तोंडानं? वडील नव्हते तिथं. कैदेची वर्षं वाचली, वैशालीचे दिवस मोजले, आणि तराजूत एकीकडं माझा सुकुमार ठेवला, दुसरीकडं दोनशे चौदा झाडं. झाडंच ती. त्यांची नावं मी अजून टाइप केली नव्हती.

सुकुमार येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी सरकारी दवाखान्यात परदेशातल्या त्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या. मी नव्या नोकरीतल्या आठवड्याच्या सुट्टीला एकेक झाड शोधत हिंडायची. वही नाही, कागद नाही. सगळं पाठ. एकाहत्तर माणसं सापडली, दवाखान्यापर्यंत नेऊन पोचवली. रायवळ आंबा अजून गातो.

बकुळच्या माहेरी गेले तेव्हा उन्हं उतरली होती. झाड लांबूनच दिसलं, वासही आला. खाली एक मुलगी फुलं वेचत होती, अकरा-बारा वर्षांची. मान वर केली आणि पुढच्या दोन दातांतली फट दिसली.

"आई आहे का गं?"

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "तुमी कोण?"

कुणाच्याही दारात मी आजाराचं नाव काढत नसे. "मिरजेची. ओळखीची होती माझ्या."

"मिरजेच्या दवाखान्यातल्या का?" मुलीनं आवाज बारीक केला आणि ओसरीकडं बघून घेतलं. मामी आत होती. "आई सांगायची. तिथं तिचं नाव कुलपात हाय म्हणायची. आमच्या गावात फुटलं ते येगळं, तिथलं तसंच हाय म्हणायची. म्हणून मला मरायच्या आधी दोनदा म्हनली, कुठं अडलीस तर मिरजेला जा आन् बकुळची पोरगी म्हण. दुसरं नाव सांगू नगं."

मी तिच्याशेजारी मातीत बसले. तिनं ओच्यातली फुलं माझ्यापुढं ओतली आणि दोऱ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"हाय का वो अजून?" तिनं विचारलं. "कुलूप?"

"आहे," मी म्हणाले.

"कुणी उघाडलं न्हाई ना?"

"नाही."

हे सांगताना माझा आवाज कापला नाही. आज इतकं लिहिलंय, गावभर सांगितल्यासारखं लिहिलंय. पण तिच्या आईचं नाव यात कुठं नाही.